शनिवारचा अबोला

तिला पडद्याच्या दुकानात सगळे झुंबर म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. हे नाव मालकांनी ठेवलं. एकदा ती शनिवारी घाईघाईत कमरेचा मण्यांचा पट्टा साडीच्या आतच बांधून कामावर आली आणि दिवसभर गिऱ्हाइकांसमोर किणकिणत फिरली. कोणी हसलं तर ती वळून अशी बघायची की हसणाऱ्याला स्वतःच्याच दातांची लाज वाटावी.

पन्नाशी उलटलेली बाई. आठवड्याचे सहा दिवस पडदे मोजायचे, कापायचे, दांड्यांना कड्या लावायच्या. गिऱ्हाइकांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. ज्यांच्या घरात लपवण्यासारखं काहीच घडत नाही त्यांनाच जाड पडदे लागतात, असं ती म्हणे. नवराबायको जोडीने आले की पाच मिनिटांत ती ओळखायची, रंग कोण ठरवणार आणि नंतर आयुष्यभर बोलणी कोण खाणार. धाकट्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत ती राहायची. मेहुण्याच्या घोरण्याबद्दल बहिणीलाच टोमणे मारायची, जणू बहिणीनेच ते माहेरून आणलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मात्र ती बेली डान्सर असे. बाजाराच्या टोकाला, पायऱ्या उतरून गेलं की एक जुनं रेस्टॉरंट लागे. तिथे टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती नाचायची. दुकानातल्या पडद्यांच्या उरलेल्या झालरी, गोंडे आणि मणी यांतूनच तिचे पोशाख शिवलेले असत. ज्या गोंड्याने एखाद्या डॉक्टरच्या दिवाणखान्यातला पडदा बांधलेला, त्याचाच जुळा भाऊ तिच्या कमरेवर थरथरत असे. या नाचाला आई आयुष्यभर नाक मुरडत राहिली. बहीण अजून मुरडते, पण पाहुणे आले की "आमची ताई कलाकार आहे" म्हणून टेंभाही तीच मिरवते.

बुधवारी ती शिकवायची. रेस्टॉरंटच्याच वरच्या रिकाम्या खोलीत आठदहा बायका जमत. त्यांच्याइतका राग तिला जगात कशाचाच येत नसे, फक्त एका माणसाचा सोडून, त्याच्याकडे येऊच. या बायका नाच शिकायला येत नव्हत्या. त्या स्वतःला शोधायला येत होत्या. कोणी म्हणे, मला माझ्या शरीराशी मैत्री करायची आहे. कोणी म्हणे, मला मोकळं व्हायचंय. दाताची एक डॉक्टरीण होती, ती तर डोळे मिटून, हात पसरून, छताकडे तोंड करून अशी काही डोलायची की बघणाऱ्याला वाटावं बाईला भूल जास्त झाली.

"डोळे उघडा," झुंबर म्हणायची.

"मॅडम, मी व्यक्त होतेय."

"आधी कंबर डावीकडे न्या. व्यक्त घरी जाऊन व्हा."

आणि मग तिचं ठरलेलं भाषण व्हायचं. कंबर नाचत नाही, कान नाचतो. थाप पडली की हाडाला कळलं पाहिजे; विचार करायला थांबलात तर गाडी गेली. पट्ट्यांवरचे मणी तर ती सगळ्यांना काढूनच ठेवायला लावी. मण्यांचा आवाज चुका झाकतो, म्हणायची. पाच मणी वाजले की त्यातला एक तरी तालावर पडतोच आणि बाई खूश. वर्गात ती गाणं लावायचीच नाही. यंत्राच्या तालावर माकडंही नाचतात, म्हणे. ती स्वतः टाळ्या वाजवायची आणि बायका त्या टाळ्यांवर धडपडायच्या. "तुम्हाला कान नाहीत," ती शेवटी जाहीर करायची. "देवाने दोन भोकं दिलीत, त्यात तुम्ही कर्णफुलं अडकवलीत."

तिच्या स्वतःच्या कानाचा तिला गर्व होता. आणि गर्व करण्यासारखं होतंही, असं बघणारे सगळेच म्हणत. शनिवारी ती नाचायची आणि तो वाजवायचा.

तो म्हणजे तिचा एकेकाळचा नवरा. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. तो कोपऱ्यात एका बुटक्या स्टुलावर बसायचा, मांडीवर दरबुका आडवा धरून. दरबुका म्हणजे एका तोंडाचं, सुरईच्या आकाराचं वाद्य. पूर्वी बासरीवाला होता, गाणारा होता; ते एकेक करून पांगले आणि राहिली ही दोघं. लग्न मोडलं, घर मोडलं, भांडी वाटून झाली, पण शनिवार काही वाटता येईना. तिला दुसरा वाजवणारा मिळेना आणि त्याला दुसरी नाचणारी. मग दोघांनी तोडगा काढला, म्हणजे काढला असं कोणी बोललं नाही. शनिवारी यायचं, काम करायचं, जायचं. बोलायचं नाही.

हा अबोला तिने व्रतासारखा पाळला. काही सांगायचंच झालं तर ती हेड वेटरला सांगायची. हा हेड वेटर म्हणजे भला, टकला, गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस. "त्या वाजवणाऱ्याला सांगा, सुरुवात हळू हवी." वेटर कोपऱ्यात जायचा, अगदी तोंडासमोर उभा राहायचा, हातवारे करून सावकाश सांगायचा. तिला वाटायचं, किती मंद माणूस झालाय हा, एवढंसं समजायला एवढा वेळ. नवरा हा शब्द तर तिने तोंडातून कधीच काढून टाकला होता. त्याचं नाव आता वाजवणारा.

लग्न का मोडलं, हे ती कोणालाही रंगवून सांगायची. तो तिच्यावर हुकूमत गाजवायचा, नाचातसुद्धा. त्याच्या बोटांनी ठरवायचं आणि हिने हलायचं. "मी वाजवतो, ती नाचते," असं तो चारचौघांत सांगायचा, जसं कोणी म्हणावं मी बटण दाबतो, पंखा फिरतो. शेवटी एके दिवशी तिने बॅग भरायला घेतली आणि पोशाखांच्या घड्या घालता घालता त्याला सगळं सुनावलं. पाठ फिरवूनच सुनावलं. रंगमंचावरची बाई ती. तिला माहीत होतं की पाठीने अपमान जास्त होतो. "माझं नाचणं माझं नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली होती. "ते तुझ्या बोटांना बांधलेलं आहे. मला माझं नाचायचंय. एकदा तरी. तुला यावर काही म्हणायचंय?"

त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. ती वळली तेव्हा तो पलंगावर बसून तिच्याकडे नुसता बघत होता. एक शब्द नाही, एक हुंकार नाही. बाकी सगळं तिने कदाचित माफ केलं असतं, ते गप्प बसणं केलं नाही. एवढं काळीज काढून बोलल्यावर हा माणूस भिंतीसारखा बसून राहतो! कागदांवरही त्याने मुकाट सह्या केल्या. अशा माणसाशी पुन्हा बोलायचं तरी काय, असं तिने तेव्हाच ठरवलं.

गंमत अशी की घटस्फोटानंतर नाच सुधारला. पूर्वी थाप आणि कंबर यांच्यात केसाएवढी फट असायची, ती नाहीशी झाली. शेवटच्या भागात, जिथे फक्त दरबुका आणि फक्त कंबर, तिथे ती मधेच थांबायची. अशी थांबायची की चमचे थांबत. आणि मग एक झटका, आणि बरोब्बर त्याच क्षणी थाप. लोक टेबलं बडवत. तिने त्याचा अर्थ सरळ लावला: माझा कान आणखी तयार झाला. त्याची थाप कधी पडणार हे आता मला आधीच कळतं. त्यालाही बिचाऱ्याला कळत असेल काय गमावलं ते. कारण हल्ली तो तिच्या कमरेवरून नजर हलवेना. पूर्वी डोळे मिटून वाजवणारा माणूस आता स्टूल पुढे पुढे सरकवून बसायचा आणि एकटक बघायचा. "घरात होते तेव्हा याला कंबर दिसली नाही," ती बहिणीला म्हणाली. "आता हात लावायची सोय नाही म्हटल्यावर डोळे फुटेस्तोवर बघतोय."

तर अशा सुरळीत चाललेल्या शत्रुत्वात रेस्टॉरंटमध्ये नवा मॅनेजर आला. कोवळा, चकचकीत, प्रत्येक वाक्याला 'ॲक्च्युअली' लावणारा. त्याला जुन्या वस्तूंचा तिटकारा होता आणि जुन्या माणसांचा त्याहून. त्याने तिला बोलावलं. म्हणाला, "मॅडम, ॲक्च्युअली त्या काकांच्या जागेवर दोन माणसांचं टेबल बसेल. मी चांगला स्पीकर आणलाय. तुम्ही हवा तो ट्रॅक निवडा. तुमची हरकत असेल तर बघू."

इथे खरं तर तिने त्याला वर्गातलं माकडांचं वाक्य ऐकवायला हवं होतं. वर्षानुवर्षं यंत्राला नावं ठेवणारी बाई! पण तिच्या मनात वेगळंच उजाडलं. हवा तो ट्रॅक. तुम्ही निवडा. म्हणजे त्याच्या बोटांतून सुटका. म्हणजे इतक्या वर्षांनी, एकदा तरी, आपलं नाचणं आपलं. एरवी दुसऱ्यांचं हे असलं बोलणं ऐकून तिचं तोंड वाकडं व्हायचं, आणि आता तेच तिच्या पोटात गुदगुल्या करत होतं. ती म्हणाली, "माझी कसली हरकत? पहिल्यांदाच इथे कोणीतरी डोकं चालवलं."

वाजवणाऱ्याला हेड वेटरने जाऊन सांगितलं. तो म्हणे नुसता मान हलवून दरबुका पिशवीत भरू लागला.

बुधवारी तिने वर्गात सांगून टाकलं: शनिवारी सगळ्यांनी या. स्वतःला शोधणं बिधणं पुरे झालं, नाच म्हणजे काय ते एकदा बघून घ्या. डॉक्टरीण आनंदाने म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्हीही मोकळ्या होणार!" झुंबरने तिच्याकडे अशी नजर टाकली की बिचारीने आपला पट्टा उगाच घट्ट केला.

सराव तिने केला नाही. सराव नवशिक्यांनी करायचा. निवडलेला ट्रॅक तिने दुकानात पडद्याच्या कड्या ओवता ओवता दोनदा ऐकला आणि म्हणाली, "तोंडपाठ आहे."

शनिवार आला. सगळी टेबलं भरली. पुढच्या रांगेत वर्गातल्या बायका, कौतुकाने आधीच पाघळलेल्या. स्टुलाच्या जागी दोघांचं नवं टेबल, त्यावर एक गुलाबाचं फूल, कापडाचं. आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथे वेटर स्वतः जेवतात, तिथे तो बसलेला. आपलं स्टूल आणि उशी न्यायला आला होता; हेड वेटरने बळेच सूप पुढे ठेवलं होतं. तिने पाहिलं आणि मनात म्हणाली, बघ म्हणावं, डोळे भरून बघ.

सुरुवात निभावली. हात, खांदे, बोटांतल्या झांजा, सगळं मोठ्या तोऱ्यात. मग ट्रॅकवरचा दरबुका एकटा सुरू झाला.

तिने कंबर टाकली. थाप येऊन गेलेली होती. पुन्हा टाकली, पुन्हा थाप आधीच निघून गेलेली. तिला वाटलं, यंत्रच पुढे पळतंय. तिने घाई केली, तर थाप मागे राहिली. कोण कुठला वाजवणारा, कुठल्याशा खोलीत बसून वाजवून गेलेला, तिच्याकडे न बघता आपल्या नादात धोपटत होता. मग तिने आपलं हुकमी पान टाकलं: ती थांबली.

स्पीकर थांबला नाही. तो वाजतच राहिला आणि बाई मधोमध, एक हात वर करून, बस चुकलेल्या माणसासारखी उभी. मागच्या टेबलावर कोणीतरी हसलं. तिने झटका दिला, तो दोन थापांच्या मधल्या रिकामपणात पडला; मणी तेवढे किणकिणले. शेवटी ट्रॅक संपला तरी तिची कंबर हलत होती.

टाळ्या पडल्या. दया आलेल्या लोकांच्या टाळ्या कशा असतात ते तिला ओळखता येत होतं. त्या तिने आयुष्यात दुसऱ्यांसाठी खूप वाजवल्या होत्या. डॉक्टरीण डोळे पुसत पुढे आली. "मॅडम, ते मधेच थांबणं, तालाच्या बाहेर जाणं... किती धाडसी! हे तुमचं एक्स्प्रेशन होतं ना?" मॅनेजर म्हणाला, "ॲक्च्युअली, पुढच्या आठवड्यापासून आपण नाच जरा... बघू."

ती त्या दोघांना ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. कोणावर तरी फुटायचं होतं आणि त्यासाठी जगात एकच माणूस राखून ठेवलेला होता. तो तिच्याकडे पाठ करून वाडग्यात वाकला होता. इतक्या वर्षांचा अबोला तिने त्याच्या पाठीवरच मोडला.

"हसायला आलास?"

तो सूप पीत राहिला.

"तुझ्याशी बोलतेय मी! झालं ना मनासारखं? मिळाली ना शांती?"

त्याने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला. तीच भिंत, तिला वाटलं, तीच बॅग, तोच मुकेपणा. ती त्याच्या खांद्याला धरून हिसका देणार तेवढ्यात हेड वेटर लंगडत मधे आला.

"मॅडम, पुढून बोला."

"का? याला पाठीने ऐकू येत नाही?"

"त्यांना कशानेच ऐकू येत नाही, मॅडम. कितीतरी वर्षं झाली. तोंडाकडे बघून समजून घेतात." तो घुटमळला. "बहिऱ्याला कोण काम देणार म्हणून बाहेर बोलले नाहीत. पण आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत. आम्हाला वाटलं तुम्हालाही माहीत असेल. तुमचं दोघांचं इतकं जमायचं."

जी बाई लोकांना कान नाहीत म्हणून हिणवत फिरत होती, तिला एवढं कळलं नव्हतं की मांडीला मांडी लावून काम करणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही. आचाऱ्याला कळलं होतं. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली, कमरेचे गोंडे दाराच्या फटीत अडकले तरी. तो दचकला. त्याने चमचा खाली ठेवला आणि नजर तिच्या ओठांवर आणली. तीच नजर, एकटक, जिला ती इतके दिवस हावरट म्हणत होती.

"तुला ऐकू येत नाही, तर वाजवत कसा होतास?" ती म्हणाली.

"तुझ्याकडे बघून." बहिऱ्या माणसांना आपला आवाज कळत नाही, तो इतक्या मोठ्याने बोलला की पार जिन्यापर्यंत गेलं. "तू हललीस की मी वाजवायचो. कमरेच्या आधी तुझी टाच वर जाते. टाच बघितली की झालं."

म्हणजे थाप कधी पडणार हे तिला आधी कळत नव्हतं. थाप तिच्याच टाचेतून निघत होती. इतके शनिवार ती हवं तेव्हा हलली, हवं तेव्हा थांबली, आणि तो माणूस स्टुलावर जीव मुठीत धरून तिच्या टाचेच्या मागे धावत राहिला. ज्या मोकळेपणासाठी तिने घर सोडलं तो दर आठवड्याला फुकट मिळत होता, आणि तिने तो आपल्या कानाच्या हुशारीत जमा केला. आणि खरा कान? तो आत्ताच सगळ्यांनी पाहिला. वर्षानुवर्षं कामच न पडल्याने गंजून गेलेला.

तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने सवयीप्रमाणे मान फिरवली आणि मग आठवून पुन्हा सरळ केली.

"कधीपासून?"

"हळूहळूच गेलं. तू बॅग भरलीस ना, तेव्हा मागून बोललेलं अजिबात कळत नव्हतं. ओठ बघायची सवयही नव्हती तेव्हा." तो जरासा ओशाळून हसला. "तू भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलत होतीस. बराच वेळ. मी म्हटलं, हिला कळलेलं दिसतंय. बहिऱ्या वाजवणाऱ्याबरोबर कोण नांदणार. तुझं काही चुकलं नाही, म्हणून मी पण सह्या केल्या."

सगळ्या टेबलांनी ते ऐकलं. वर्गातल्या बायकांनी, मॅनेजरने, कापडी गुलाबासमोर बसलेल्या जोडप्यानेसुद्धा.

"त्यासाठी नाही गेले मी," ती म्हणाली.

"मग?"

त्याने मान पुढे काढली आणि वाट बघत राहिला. ते वाक्य तिला पाठ होतं. बहिणीला, दुकानात, वर्गात, किती जणांना ऐकवलेलं. माझं नाचणं माझं नाही, ते तुझ्या बोटांना बांधलेलं आहे. तिने तोंड उघडलं. समोर ती बोटं होती, सुपाने ओली, सांध्यांवर गाठी आलेली. पहिले दोन शब्द तिच्या ओठांवर आले आणि पुढचे येईनात.

"कळलं नाही," तो म्हणाला. "परत सांग."

तिने दारातून गोंडा ओढून सोडवला, ती मॅनेजरकडे वळून ओरडली, "ते दोघांचं टेबल उचला तिथून," आणि पुन्हा त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "काही नाही. शनिवारी वेळेवर ये."